साडेतीन आटे

उदगीर, ९ नोव्हेंबर २०२५

चि. देविका,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून टपालाने लिहितो आहे. पाकिटावर नांदेडच्या तुझ्या लॅबचा पत्ता घातला आहे. खोलीचा पत्ता तुझ्या आईकडे आहे, पण ती देत नाही. "तिला इचारून देते" म्हणते आणि विचारत नाही.

कामाचं तेवढं लिहितो. गेल्या वर्षी जूनमध्ये घर सोडताना तू दारात बॅग टेकवून म्हणाली होतीस, "अप्पा, एकदा सायकलचं पुढचं चाक उचलून बघा, मग मला बोला." तेव्हा मी गप्प बसलो. आता उत्तर देतो. मी व्हीली, म्हणजे नुसत्या मागच्या चाकावर चालवणं, शिकतो आहे.

वय बावन्न. वजन ७८ किलो ४०० ग्रॅम, दुकानातल्या काट्यावर, चप्पल काढून. सायकल तुझीच, निळी. माळ्यावरून काढली, बेरिंग धुऊन ग्रीस भरलं, सीट दोन बोटं खाली घेतली. जागा शाळेमागचं मैदान, वेळ सकाळी सहा ते सात. आठ वाजता मोंढ्याच्या धान्यबाजारात काटे वाट बघत असतात.

तुला हसू येईल. येऊ दे. मी वजनकाटे दुरुस्त करायला कोणाच्या हाताखाली शिकलो नाही. बंद पडलेला तराजू विकत घेतला, सहा वेळा उघडला, सातव्या वेळी जोडला. लोडसेलचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा मोंढ्यातले सगळे म्हणाले, आता मन्मथचं दुकान बसलं. तेही उघडून शिकलो. तीस वर्षांत माझ्या हातून गेलेला एक काटा परत आला नाही. चाक उचलून धरणं म्हणजे तोल, आणि तोल हाच माझा धंदा आहे. पंधरा दिवसांत जमवून, तुझं नेमकं कुठे चुकलं ते तुला लिहून कळवीन.

व्हीली करताना तू घाईनं पडलीस, हे मी १७ जानेवारी २०२१ लाही म्हणालो होतो. मागचा ब्रेक लागला नाही असं तू दवाखान्यात सारखं म्हणत होतीस. म्हणून सायकल तिथल्या व्हरांड्यात आणून, चाक फिरवून, ब्रेक दाबून सगळ्यांसमोर दाखवला. चाक जागच्या जागी थांबलं. तो विषय तिथेच संपला. मी तो पुन्हा काढत नाही.

तुझी आई बरी आहे. गुडघा दुखतो.

आशीर्वाद.
अप्पा


२० नोव्हेंबर

चि. देविका,

आज अमावास्या, मोंढा बंद. सकाळी दीड तास मिळाला.

आतापर्यंतचा हिशेब असा. बारा दिवस, रोज चाळीस खेपा. पहिले चार दिवस चाक वीतभरही उठलं नाही. मी हातांनी ओढत होतो. हातानं ओढून काही होत नाही, हे पाचव्या दिवशी कळलं. उजवं पायडल घड्याळातल्या एकच्या जागी आलं की पायानं दाबायचं आणि त्याच क्षणी खांदे मागे टाकायचे. हात दोरीसारखे सरळ. हे तू मला सांगितलं असतंस तर चार दिवस वाचले असते. पण मी तुला कधी विचारलं नव्हतं, हेही खरं.

पाठीला पोत्याची घडी बांधतो, डोक्यावर हेल्मेट. फिरायला येणाऱ्या बायका थांबून बघतात. परवा एक दुसरीला म्हणाली, "अगं, काटेवाले अप्पा हायत ते. सर्कशीत चाललेत जणू." दुसरी म्हणाली, "जाऊ दे बाई, घरात कोणी बोलत नसंल त्यांच्याशी." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

शाळेतले तुझे खेळाचे बसलिंगप्पा सर पण येतात. निवृत्त झाले तरी गळ्यात शिट्टी असतेच. पहिल्या दिवशी म्हणाले, "मन्मथ, काय करून राहिलास रे? डोक्याचा काटा सरकला का?" मी म्हणालो, "सर, पोरीला उत्तर देऊन राहिलोय." ते हसले नाहीत. म्हणाले, "तिनं प्रश्न कवा इचारला होता?"

त्या दिवसाचं तू विसरली नसशील. पोलीस भरतीच्या मैदानात तुझा गोळा चार मीटर ऐंशीला पडला. पडल्यापासून उजवं कोपर शेवटचे पंधरा अंश सरळ होत नाही म्हटल्यावर तिथवर गेला हेच खूप, असं सर म्हणाले होते. घरी येऊन तू ताटावर बसलीस आणि मी म्हणालो, "चाकं वर करत फिरणाऱ्या पोरींना सरकार वर्दी देत नसतं." वाक्य जसंच्या तसं लिहिलं आहे, कमीजास्त केलेलं नाही. ते मी बोलायला नको होतं. पण रागाच्या भरात माणूस बोलतो, आणि चाक वर करताना पडली तर तूच होतीस ना.

चाक आता हातभर उठतं. एक पायडल जातं, मग धाडकन खाली.

अप्पा


२८ नोव्हेंबर

देविका,

आज जमलं. चार पायडलं.

कसं झालं ते सांगतो. रोज चाक उठायचं आणि एका उंचीवरून परत यायचं. त्या उंचीच्या पुढे मी जात नव्हतो. सरांनी पकडलं. म्हणाले, "तू भितोस. मागं पडंल म्हणून आधीच सोडून देतोस." मला राग आला. पुढच्या खेपेला मुद्दाम जास्त दाबलं. चाक उठलं, अजून उठलं, आणि एकदम सगळं वजन गेलं. सायकल हलकी, मी हलका. काटा मध्यावर आला की वाटतं तसं. पण काटा तिथे थांबतो. सायकल थांबत नाही, मागे जायला लागते. आभाळ दिसलं. डाव्या हाताचं बोट आपोआप दाबलं गेलं, मागचं चाक क्षणभर अडलं आणि पुढचं चाक, कोणी वरून हात ठेवावा तसं, खाली आलं.

सर शिट्टी वाजवून म्हणाले, "आता कळलं का? व्हीलीत पाय उचलतो आन् मागचा ब्रेक वाचवतो. त्यो हाय म्हणून माणूस उताणा पडत नाही. पोरं सगळ्यात आधी हेच शिकतात. देविकाला म्हाईत हुतं हे."

मला माहीत नव्हतं. मागचा ब्रेक घसरापट्टी करायला, चाक घासत सायकल सरकवायला लागतो एवढंच मला वाटत होतं. सायकल उभी करायला पुढचा पुरतो.

त्यानंतर मी आठ खेपा केल्या. आठही वेळा बोट ब्रेकवर होतं.

दुकान उघडायचं आहे. इथेच थांबतो.

अप्पा


३ डिसेंबर

देविका,

तुला एकच विचारायचं आहे. दोन शब्दांत कळव, आईजवळ सांगितलंस तरी चालेल. त्या दिवशी चाक उठलं तेव्हा तुझं बोट ब्रेकवर आधीपासून होतं का? आणि दाबलंस तेव्हा दांडी मुठीपर्यंत आली का?

हे मी सहज विचारतो आहे. पद्धत समजून घ्यायची म्हणून.

थंडी वाढली आहे. तुझ्या आईनं तुझं स्वेटर धुऊन ठेवलं आहे. मी दुकानात बसतो आणि उठतो. काल एका आडतीवरचा काटा परत आला. शंभर किलोला दोनशे ग्रॅम जास्त दाखवत होता. मीच सोमवारी लावून दिला होता. माणूस नुसता काटा ठेवून गेला. तीस वर्षांत पहिला. मी तो पाच वेळा तपासला. स्क्रू घट्ट करायचा राहिला होता, एवढंच.

स्क्रू राहतो कधी कधी. ब्रेकच्या तारेत माती जाऊन ती अडकूही शकते. जानेवारीत त्या मैदानावर फुफाटा असतो. असंही झालं असेल. तारेत माती.

उत्तर पाठव.

अप्पा


७ डिसेंबर

देविका,

तुझं उत्तर आलं नाही. आता त्याची गरज नाही.

आज सकाळी मी पाना घेऊन मैदानावर गेलो. मागच्या ब्रेकची तार हँडलपाशी ज्या गोल नटातून जाते, तो नट साडेतीन आटे आत फिरवला, म्हणजे तार सैल केली. पाठीला दोन पोती बांधली आणि चाक उचललं. चौथ्या पायडलला सायकल मागे जायला लागली. बोट वेळेवर दाबलं. दांडी मुठीला टेकली. चाक अडलं नाही.

मी उताणा पडलो. पोती होती म्हणून पाठ वाचली, उजवा तळवा सोलला. तुझ्या पाठीला पोती नव्हती. तू सतरा वर्षांची होतीस आणि हात मागे टेकलास.

तू विचारशील, साडेतीनच का. अडीच का नाही, चार का नाही.

कारण तेवढेच फिरवले होते मी.

१६ जानेवारीला, शनिवारी संध्याकाळी. तुझा मागचा टायर महिन्यात गुळगुळीत झाला होता. गल्लीत तू घसरापट्टी करायचीस, समोरच्या घरातून तक्रार आली होती. तुला बोलून उपयोग नव्हता, तू ऐकून घ्यायचीस आणि परत तेच. मी विचार केला, मागचा ब्रेक सैल केला की घसरणं आपोआप बंद. पुढचा आहेच. कोणाला विचारलं नाही. सायकलवाल्याला विचारलं असतं तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं. पण मी कधी कोणाला विचारतो का? साडेतीन आटे फिरवले, दांडी दाबून बघितली, मुठीला नुसती टेकते एवढी सैल ठेवली, आणि तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू घट्ट करून घेतली असतीस.

पुढचं लिहायला मला दोन तास लागले आहेत.

रविवारी तू पडलीस. सरांनी तुला दवाखान्यात नेलं आणि सायकल घरी आणून टाकली. तुझी आई तुझ्याजवळ होती. मी पैसे घ्यायला घरी आलो, सायकल दिसली, आणि पहिलं काम काय केलं तर पाना घेतला. साडेतीन आटे बाहेर. विचार केला नव्हता. हात चालत होते. मग मी दवाखान्यात आलो तर तू म्हणत होतीस, "ब्रेक लागला नाही, अप्पा, मी दाबला होता." चाकूरहून तुझे उद्धव मामा आले होते. सर होते, आई होती. तू चौथ्यांदा म्हणालीस तेव्हा मी घरी गेलो, सायकल आणली आणि सगळ्यांसमोर चाक फिरवलं.

पुढे चार वर्षं दहा महिने मी स्वतःला सांगत राहिलो की सैल ब्रेकचा आणि पडण्याचा संबंध नाही, मागच्या ब्रेकनं असं काय होणार. म्हणजे मला पुरतं माहीत नव्हतं. पण पाना मी का उचलला, हे माहीत होतं. ज्याला काही माहीत नसतं तो पाना उचलत नाही.

तुझा हात बरोबर होता. बोट वेळेवर दाबलं होतंस.

माफी मागत नाही, कारण ती मागितली की द्यायची की नाही ही तकलीफ पुन्हा तुलाच.

अप्पा


१७ डिसेंबर

देविका,

तुझी चिठ्ठी मिळाली. ती खिशात आहे. लिहिलंस ते असं: "पत्रात कोणालाही खरं लिहिता येतं. त्या दिवशी व्हरांड्यात जेवढे उभे होते तेवढ्यांना सांगा. तिथे सांगितलं होतंत तसं."

तसं केलं. क्रमानं लिहितो.

तुझी आई. चिठ्ठी आली त्याच संध्याकाळी. ती भाकरी थापत होती. मी सांगितलं, ती थापत राहिली. तव्यावर टाकली, उलटली, फुगली. मग म्हणाली, "ओ, मी रोज तिचं कोपर तेल लावून चोळत होते. आन् रोज म्हणत होते, बाई, ध्यान कुठं होतं तुझं." दुसऱ्या दिवशी मी तुझ्या खोलीचा पत्ता विचारायला गेलो. तोंड उघडायच्या आधी म्हणाली, "आता पत्ता मागू नका." अजून बोलत नाही. ताट वाढते.

उद्धव मामा. रविवारी चाकूरला गेलो. ते मोटर चालू करून शेतातून आलेले, पाय धूत होते. म्हणाले, "दाजी, फोन न करता? कोण गेलं का?" मी म्हणालो, "बसत नाही, उभ्यानंच सांगतो." सांगितलं. ते बराच वेळ पायावर पाणी घालत राहिले. पाय केव्हाच स्वच्छ झाले होते. मग म्हणाले, "तुम्ही चाक फिरवलं तवा मी हसलो होतो, दाजी. म्हणलो होतो, ब्रेक बिचारा घरी येऊन सुधारला वाटतं. पोरगी माझ्याकडं बघत होती." नंतर चहा आला. ते म्हणाले, "घ्या, निवून चाललाय." मी घेतला. बस येईपर्यंत ते माझ्याबरोबर फाट्यावर उभे राहिले, पण एक शब्द बोलले नाहीत. उद्धव मामांना गप्प राहिलेलं तू कधी पाहिलं आहेस का?

सर सगळ्यात शेवटी. मला वाटलं होतं ते सोपे जातील. रोज भेटतात, माणूस समजूतदार. मैदानावरच सांगितलं, फिरणाऱ्या बायका ऐकत होत्या तरी. सरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. म्हणाले, "मन्मथ, भरतीला मी तिला आठ महिने शिकवलं. पळण्यात चांगली, गोळ्याला हात येईना. कोपर तर होतंच. पण कोपरापेक्षा, टाकायच्या क्षणी ती थबकायची. मी रोज म्हणायचो, पोरी, तू ऐन वेळी गारठतेस, ब्रेकच्या वेळी गारठलीस तशी. रोज म्हणायचो. हे मी कुठून आणलं? तुझ्या व्हरांड्यातून."



ते म्हणाले, "ती गारठत नव्हती. तिला शिकवलं आपण."

"आपण" म्हणाले ते. "तू" म्हणू शकले असते.

दुकानाचंही सांगतो, कारण तुझ्या कानावर येईलच. मैदानावरच्या बायकांकडून बातमी मोंढ्यात पोचली. दोन आडतींनी काटे दुसरीकडे तपासायला नेले. एक जण तोंडावर म्हणाला, "अप्पा, पोरीच्या ब्रेकला तुम्ही दोनदा हात लावला, मग आमच्या काट्याचं कसं?" मी त्याला म्हणालो, बरोबर आहे, ने.

व्हीली बंद केली आहे. शेवटची मोजणी नऊ पायडलं. लिहायला नको होतं, पण मोजलेलं लिहायची सवय आहे.

अप्पा


२१ डिसेंबर

देविका,

आज सर दुकानात आले. स्टुलावर बसले. म्हणाले, "पोरीचा फोन आला होता."

मी हातातला लोडसेल खाली ठेवला.

सर म्हणाले, "तिनं आधी विचारलं, अप्पांनी उभ्यानं सांगितलं का बसून. मी म्हणलो, उभ्यानं. तुझ्या मामाकडं पण उभ्यानंच, असं ऐकलं. मग म्हणाली, सर, मी ऐन वेळी गारठते असं तुम्ही म्हणायचा, त्याचं काय? मी म्हणलो, ते मी परत घेतो. चुकीचं होतं."

"मग?"

"मग गप्प."

"किती वेळ?"

"मन्मथ, मी घड्याळ लावून बसलो होतो का? होती गप्प. मला वाटलं, फोन कटला."

"रडत होती?"

"नाही. तुझी पोरगी हाय, हिशेब करून राहिली असंल." मग सर थोडे पुढे वाकले. "मग तिनं विचारलं, सर, गोळा डाव्या हातानं टाकता येतो का?"

मला कळायला वेळ लागला.

सर म्हणाले, "मी म्हणलो, नियमात एक हात म्हणलंय, कोणता ते म्हणलेलं नाही. डाव्या हातानं पहिल्यापासून शिकावं लागंल. पाय उलटे पडतात, कंबर उलटी फिरते. वरीस जाईल. ती म्हणाली, वयात अजून बसते मी. पुढच्या रविवारी सुट्टी आहे, येते. मैदानावर येते म्हणाली. घरचं बोलली नाही."

"माझं काही?"

"नाही."

हे मी तुला लिहून का कळवतो आहे, तुझंच तुला? कारण मी त्या दिवशी मैदानावर येणार नाही, हे सांगायचं होतं. सकाळी सहा ते सात ती जागा तुझी. तुझी आई मात्र येईल, मी तिला अडवणार नाही आणि तिनं माझं ऐकलंही नसतं. सायकल मी स्वच्छ करून सरांच्या घरी ठेवली आहे. ७ तारखेनंतर ब्रेकला हात लावलेला नाही, तार सैलच आहे. तू स्वतः बघून घे, किंवा सायकलवाल्याला दाखव.

जाताना सर दारात थांबले. म्हणाले, चार किलोचा गोळा त्यांच्याकडे आहे, पण जुना आहे, गंजून कितीतरी कमी झाला असेल. मी म्हणालो, "सर, आणून द्या, वजन करून देतो. ग्रॅमपर्यंत."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "नको. तिच्यासाठी आहे ना, दुसरीकडून करून घेतो."

मी म्हणालो, "घ्या."

अप्पा